ताश्कंद : सोव्हिएत भिंतीवरची इस्लामी जाळी

१/ ताश्कंद म्हटले की आपल्याला जानेवारी १९६६ आठवतो. १० तारखेला भारत-पाक करार झाला आणि त्याच रात्री लालबहादूर शास्त्री गेले. शिष्टमंडळात संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणही होते. आपल्यापुरता या शहराचा इतिहास बहुधा तिथेच थांबतो. पण त्या वेळचे ताश्कंद पुढच्या काही महिन्यांतच बदलणार होते.

२/ २६ एप्रिल १९६६ च्या पहाटे शहराच्या मध्यभागाखालीच भूकंप झाला. कच्च्या विटांची हजारो घरे कोसळली आणि सुमारे ३ लाख लोक बेघर झाले. साऱ्या सोव्हिएत संघातून बांधकाम पथके आली. आजचे ताश्कंद बव्हंशी त्या पुनर्बांधणीतून घडले.

३/ त्याआधी इथे दोन शहरे शेजारी नांदत होती. एक जुने : अंगणाभोवतीची घरे, अरुंद गल्ल्या, मशिदी, मदरसे आणि ‘महल्ला’ नावाची वस्ती. दुसरे १८६५ च्या रशियन विजयानंतर वसलेले, सरळ रुंद रस्त्यांचे. १९३० मध्ये ताश्कंद उझबेक प्रजासत्ताकाची राजधानी झाले, तेव्हा प्रश्न उभा राहिला : समाजवादी राजधानी दिसावी कशी?

४/ स्टालिनकाळातील उत्तर होते : आशय समाजवादी, रूप राष्ट्रीय. त्याचा नमुना म्हणजे १९४७ मध्ये पूर्ण झालेले अलिशेर नवोई नाट्यगृह. वास्तुकार होते मॉस्कोतील लेनिनची समाधी रचणारे श्चुसेव्ह. दालनांना ताश्कंद, समरकंद, बुखारा, खिवा अशा प्रदेशांची शैली दिली. नक्षीकाम स्थानिक कारागिरांचे, बांधणीत श्रम जपानी युद्धकैद्यांचेही.

५/ भूकंपानंतर काँक्रीटचे युग आले, पण नक्षी गेली नाही. १९७० चे लेनिन संग्रहालय (आताचे इतिहास संग्रहालय) आणि १९७४ चे ‘हॉटेल उझबेकिस्तान’ पाहा. दर्शनी भागावर भौमितिक जाळी आहे. इथल्या उन्हाळ्यात ती सूर्यही अडवते, म्हणजे ती केवळ दागिना नव्हे.

६/ १९८० च्या सुमारास चोरसू बाजारावर प्रचंड निळा घुमट चढला. १९७७ मध्ये सुरू झालेल्या भुयारी रेल्वेत ‘अलिशेर नवोई’ स्थानकाच्या छतावर घुमटांची रांग आहे. मशिदीचा घुमट भाजीबाजारावर आला आणि जमिनीखालीही उतरला.

७/ याला ‘दोन संस्कृतींचा सुंदर संगम’ म्हणण्याची पद्धत आहे. माझा आक्षेप या शब्दाला आहे. संगमात दोन्ही प्रवाह स्वतःहून येतात. इथे १९२०-३० च्या दशकांत बहुसंख्य मशिदी-मदरसे बंद झाले, आणि १९४३ मध्ये ताश्कंदमध्ये जे धर्ममंडळ स्थापन झाले ते सरकारच्या देखरेखीखालीच. श्रद्धेला मज्जाव करणाऱ्या राज्याने तिची नक्षी मात्र उचलली.

८/ तरीही ही केवळ फसवणूक होती, असे म्हणणे उथळ ठरेल. नवोई नाट्यगृहात बुखाऱ्याचे उस्ता शिरीन मुरादोव्ह यांनी कोरलेले गचकाम आहे. हुकूम राज्याचा, पण हात आणि स्मृती कारागिराची. अशा कामांमुळेच ती विद्या जगली.

९/ १९९१ नंतर काय झाले? मध्यवर्ती चौकातील मार्क्सच्या जागी १९९३ मध्ये अमीर तैमूर आला. १९९६ मध्ये जवळच त्याचे संग्रहालय झाले, त्यावर पुन्हा निळा घुमट. नायक बदलला, पण परंपरेतले हवे तेवढे उचलून राज्याची प्रतिमा घडवण्याची रीत तीच राहिली.

१०/ म्हणूनच पाडापाडीचा प्रश्न गंभीर आहे. २०१७ मध्ये नव्या व्यापारी संकुलासाठी सोव्हिएतकालीन ‘दोम किनो’ हे चित्रपटगृह पाडले गेले. त्याच प्रकल्पात जुना महल्लाही गेला. ‘परके’ आणि ‘आपले’ दोन्ही एकाच बुलडोझरखाली!

११/ माझे मत स्पष्ट आहे : या इमारती सुंदर आहेत म्हणूनच नव्हे, तर त्या पुरावा आहेत म्हणून जपाव्यात. राज्याने काय दडपले, काय उचलले आणि लोकांनी त्यातले काय आपलेसे केले, हे तिघेही त्या एका जाळीत वाचता येते. जाळी पाडली की इतिहास शुद्ध होत नाही, फक्त वाचण्याजोगे पान कमी होते.

तुमचे मत वेगळे असेल तर जरूर मांडा.