शिशाचा गोळा आणि सरोवराचा तोल

'ट्रोलिंग' हा शब्द कानावर पडला की आजच्या वाचकाला संगणकाच्या पडद्यावरील शिवीगाळ आठवते. मासेमारीतील ट्रोलिंग मात्र त्याहून कितीतरी जुने आणि सभ्य आहे. संथ चालणाऱ्या बोटीमागे गळ ओढत नेणे, एवढाच त्याचा अर्थ. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्याशीही त्याचा संबंध नाही. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांवर हा छंद आता मोठा व्यवसाय झाला आहे. ग्रेट लेक्स मत्स्य आयोगाच्या हिशेबानुसार या सरोवरांतील मासेमारीची वार्षिक उलाढाल 5 अब्ज डॉलरहून अधिक आहे. त्यातील फार मोठा वाटा हौशी मासेमारांचा, आणि त्यांच्या हाती असलेल्या महत्त्वाच्या यंत्राचे नाव डाऊनरिगर.

यंत्र तसे साधे. बोटीच्या मागील कठड्यावर एक रहाट, त्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा आणि किती तार सोडली हे सांगणारा मोजणीकाटा. आमिष आधी बोटीमागे काही मीटर सोडायचे, मग गळाची दोरी तारेवरील चिमट्यात अडकवायची आणि गोळा हव्या त्या खोलीपर्यंत उतरवायचा. त्यानंतर दोरीतील ढील काढून घेतली की गळाची काठी धनुष्यासारखी वाकते. मासा आमिषावर झडप घालताच दोरी चिमट्यातून सुटते आणि काठी ताडकन सरळ होते. पुढची झुंज मासा आणि माणूस यांच्यात. गोळ्याचे वजन त्यात आड येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? उन्हाळ्यात सरोवराचे वरचे पाणी तापते आणि खाली थंड पाण्याचा थर राहतो. चिनूक सॅल्मनला दहा ते तेरा अंश सेल्सिअसच्या आसपासचे पाणी मानवते. म्हणून तो ऐन उन्हाळ्यात खोल जातो आणि वरवर सोडलेला गळ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. (आपल्या बाजारात रावसालाही 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण दोघांचे कूळ निराळे.) बोटीचा वेग ताशी तीन ते पाच किलोमीटर ठेवावा लागतो. पाण्याच्या रेट्याने तार मागे तिरपी होते, त्यामुळे काटा तीस मीटर दाखवत असला तरी गोळा तितका खोल नसतो. नवख्या मासेमाराची पहिली फसगत होते ती येथेच. पृष्ठभागावरचा वेग आणि खालच्या प्रवाहातला वेगही एक नसतो. तळाचा अंदाज चुकला तर गोळा खडकात अडकतो; म्हणून रहाटाची पकड अशी ठेवावी लागते की ताण वाढताच तार आपोआप सुटावी.

तथापि, ज्या सॅल्मनसाठी हे सारे चालते तो या सरोवरांचा मूळ रहिवासी नाही, हे लक्षात घ्यावे लागेल. जहाजांसाठी 1829 मध्ये वेलंड कालवा खुला झाला आणि नायगारा धबधब्याची नैसर्गिक भिंत निरुपयोगी ठरली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लॅम्प्रे हा वामसारखा दिसणारा, माशांचे रक्त शोषणारा जीव वरच्या सरोवरांत पसरला. त्याने आणि बेसुमार मासेमारीने तेथील मूळचा शिकारी मासा, लेक ट्राऊट, जवळजवळ संपवला. शिकारीच उरला नाही, तेव्हा तारलीच्या कुळातला एलवाईफ हा समुद्रातून आलेला छोटा मासा अमर्याद वाढला. 1967 च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवराच्या किनाऱ्यांवर मेलेल्या एलवाईफचे ढीग साचले होते.

मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी त्यावर उपाय काढला तो पॅसिफिकमधील सॅल्मन आणण्याचा. 1966 मध्ये कोहो आणि 1967 मध्ये चिनूक जातीची पिल्ले नद्यांत सोडण्यात आली. एलवाईफ खाऊन सॅल्मन वाढले आणि किनाऱ्यावरील मरगळलेली बंदरे जागी झाली. उत्साह इतका की 23 सप्टेंबर 1967 रोजी वादळाचा इशारा असतानाही शेकडो छोट्या बोटी पाण्यात उतरल्या आणि सात जणांचा बळी गेला. डाऊनरिगरचा प्रसार झाला तो या लाटेबरोबरच.

मात्र परक्या माशाचा बंदोबस्त दुसऱ्या परक्या माशाने करण्याच्या या धोरणाची किंमत पुढे मोजावी लागली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस जहाजांच्या तोल-पाण्यातून झेब्रा व क्वागा शिंपले आले. पाणी गाळून त्यांनी सूक्ष्म वनस्पती फस्त केल्या आणि अन्नसाखळीचा पायाच खचला. ह्युरॉन सरोवरात 2003-04 च्या सुमारास एलवाईफ कोसळला आणि त्यापाठोपाठ चिनूकही. सॅल्मनवर जगणाऱ्या बंदरांचा हंगाम बुडाला. विशेष म्हणजे, एलवाईफ हटताच मूळच्या लेक ट्राऊट आणि वॉलाय यांनी पुन्हा मूळ धरले. मिशिगन सरोवरात ती वेळ येऊ नये म्हणून 2013 पासून चिनूकची पिल्ले सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आणण्यात आले. मासे वाढावेत म्हणून पिल्ले कमी सोडायची, हे मासेमारांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते.

आज खरा प्रश्न आहे तो लॅम्प्रेचा. अमेरिका व कॅनडा यांनी 1955 मध्ये स्थापन केलेल्या मत्स्य आयोगामार्फत नद्यांत विशिष्ट रसायन सोडून त्याच्या अळ्या मारल्या जातात; या उपायाने त्याची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. पण हे काम एकदा करून सोडून देण्यासारखे नाही. महासाथीमुळे 2020 आणि 2021 मध्ये मोहिमा आखडत्या घ्याव्या लागल्या आणि पुढील काळात लॅम्प्रे पुन्हा वाढले. हा अनुभव ताजा असतानाच फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकी सरकारच्या नोकरकपातीची कुऱ्हाड याच कामावरील कर्मचाऱ्यांवर पडली. ओरड झाल्यावर त्यांना परत घेतले गेले, ही गोष्ट वेगळी. अळ्या काही वर्षे नदीच्या गाळात वाढतात. म्हणून आजच्या हयगयीचा परिणाम सरोवरात दिसायला अवधी लागतो. तोवर कपात करणारा आपली बचत मिरवून मोकळा झालेला असतो.

उजनीच्या जलाशयात चिलापीने कसे बस्तान बसवले हे पाहिलेल्यांना ही कथा परकी वाटू नये. बाहेरून आलेला मासा बाजारात भाव मिळवून देतो. पण त्याच्यासोबत आलेली देखभालीची जबाबदारी कोणाच्याच अंदाजपत्रकात कायमची नसते. डाऊनरिगर चालवणारा अनुभवी मासेमार केवळ काट्यावर विसंबत नाही. तारेचा तिरपेपणा पाहून तो खरी खोली ताडतो. सरोवराचा कारभार हाकणाऱ्यांनीही चालू वर्षाच्या जमाखर्चाच्या काट्यावर भिस्त ठेवू नये. पाणी वरून कितीही शांत दिसले तरी हिशेब तळाशीच होत असतो.