आधी स्नायू, मग धमनी

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील वाड्यातांड्यांना कुलुपे लागतात. हजारो जोडपी संसार गाडीत टाकून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. या कोयत्याला मुकादमाकडून हंगामापूर्वीच उचल मिळते आणि ती अंगमेहनतीने फेडायची असते. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन वाहनात चढवायची. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर या करारात मजुराचे हृदय हेच तारण होय. तारण तपासून पाहण्याची पद्धत मात्र या बाजारात नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील हंगाम अर्धा टाकून परतले. फडावर एका रात्री छातीत कळ आली होती. ती पित्तावर ढकलली गेली, एक इंजेक्शन झाले आणि चौथ्या दिवशी मोळी पुन्हा डोक्यावर आली. पुढे चार पावले चालले तरी धाप लागू लागली. शहरातील एका खाजगी रुग्णालयात अँजिओग्राफी झाली, ‘ब्लॉकेज’ निघाले, स्प्रिंग बसवण्याचा सल्ला मिळाला. ते रुग्णालय शासकीय योजनेत नव्हते. मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला तो प्रकृतीविषयी विचारण्यासाठी नव्हे. शेकडा तीन रुपये महिना दराने दीड लाख घेतले तर वर्षाचे व्याज किती, एवढाच त्याचा प्रश्न होता. चोपन्न हजार, मी सांगितले. त्या कागदावर धमनी किती टक्के बंद आहे हे लिहिलेले होते. हृदयाचा स्नायू किती शिल्लक आहे याविषयी एक अक्षरही नव्हते.

या दोन गोष्टी भिन्न आहेत आणि सारा प्रश्न येथेच आहे. धमनी ही पाण्याचा पाट, तर स्नायू हे पीक. पाट बंद पडला की काही तासांत पीक करपू लागते. म्हणूनच झटका चालू असताना धमनी तातडीने उघडणे, निदान गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणे, हे जीवनदायी ठरते. त्याबद्दल वाद नाही. परंतु पीक करपून महिने लोटल्यावर पाट दुरुस्त करण्यापूर्वी शेतात काय उरले आहे ते पाहावयास नको काय?

ते पाहण्यासाठी शरीरात नळी घालावी लागत नाही. ईसीजीची कागदी पट्टी जुन्या झटक्याच्या खुणा बहुधा दाखवते. इको या ध्वनिलहरींच्या तपासणीत हृदयाची कोणती भिंत हलत नाही हे डोळ्यांना दिसते. निरोगी डावी जवनिका प्रत्येक ठोक्याला आतील रक्तापैकी निम्म्याहून थोडे अधिक रक्त बाहेर टाकते. हे प्रमाण पस्तीस टक्क्यांच्या खाली गेले तर स्थिती गंभीर समजतात. थॅलियमसारख्या किरणोत्सारी द्रव्याच्या स्कॅनमध्ये रक्त न पोहोचणारा भाग ओळखता येतो, तर गॅडोलिनियम टोचून केलेल्या एमआरआयमध्ये मृत स्नायूचा व्रण पांढरा उमटतो. शेवटच्या दोन तपासण्या मोठ्या शहरांच्या. पहिल्या दोन तालुक्याला परवडणाऱ्या.

स्थिर हृदयविकाराच्या पाच हजारांहून अधिक रुग्णांवरील ‘इस्केमिया’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. आरंभीच अँजिओग्राफी करून धमनी उघडण्याने किंवा बायपासने, केवळ औषधांच्या तुलनेत, मृत्यू वा झटके कमी झाल्याचे दिसले नाही. छातीतील कळ मात्र कमी झाली. २०२२ साली ब्रिटनमधील सातशे रुग्णांच्या ‘रिव्हाइव्हड’ अभ्यासात हृदय दुबळे पण स्नायूचा काही भाग जिवंत असलेल्यांनाही अँजिओप्लास्टीने अधिक आयुष्य लाभले नाही. बायपासची गोष्ट थोडी निराळी. दुबळ्या हृदयाच्या रुग्णांत दहा वर्षांच्या काळात त्याने मृत्यू घटल्याचे २०१६ साली दिसले. म्हणून सरसकट विधान कोणी करू नये. पण स्नायूची मोजदाद न करता कोणताच निर्णय होऊ नये, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

केनेथ ॲरो यांनी १९६३ साली लिहून ठेवले आहे की वैद्यकाचा बाजार भाजीबाजारासारखा नसतो, कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. केंद्र सरकारने २०१७ साली औषधयुक्त स्टेंटची किंमत एकोणतीस हजार सहाशे रुपयांवर बांधली, उत्तम केले. परंतु स्टेंट हवा की नको या प्रश्नाला किंमतनियंत्रण लागू पडत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आराखडा मुख्यतः दाखल रुग्णावरील उपचारांच्या ठरावीक दरांचा आहे. ‘काही करू नका, औषधे घ्या, ओझे उचलू नका’ या सल्ल्याचे त्यात मोल ते काय? २०१९ साली ऊसतोड महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेल्याचे शासकीय समितीपुढे आले, तेव्हा आपण हळहळलो. तपासणी स्वस्त आणि शस्त्रक्रिया किफायतशीर अशी व्यवस्था असली की चाकू लवकर चालतो, हा धडा या जिल्ह्याने घ्यावयास हवा होता.

ध्वनिलहरींशी आमच्या जिल्ह्याची ओळख जुनीच आहे, आणि ती लाजिरवाणी आहे. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एड्लर आणि हर्ट्झ यांनी धातूतील दोष शोधणारे कारखान्याचे यंत्र छातीवर ठेवून धडधडते हृदय पाहिले. त्याच लहरी येथे गर्भातील मुलगी शोधण्यास वापरल्या गेल्या. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे बीडमध्ये ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. नको तेथे यंत्र पोहोचले. पाहावयाचे ते हृदय तेवढे राहिले.

अंबाजोगाईस सत्तरच्या दशकापासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून एक इको यंत्र व ते वाचणारा जाणकार आठवड्याला एका ग्रामीण रुग्णालयात पाठवणे हे काही चंद्रावर जाणे नव्हे. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळही आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक कोयत्याचा रक्तदाब, ईसीजी आणि ज्याला धाप लागते त्याचा इको, इतके करावे. यंत्र घेऊन धूळ खात ठेवू नये. माणूस आधी नेमावा, खरेदी नंतर.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा इको अखेर सरकारी रुग्णालयात झाला. प्रमाण तीस टक्के निघाले. डॉक्टरांनी औषधे सुरू केली, स्प्रिंगची घाई नाही म्हणाले आणि मोळी कायमची बंद केली. दीड लाखांचे कर्ज टळले. उचलीचे पैसे मात्र अंगावर राहिले आणि मुलगा आता विचारतो आहे की बी.ए.चे शेवटचे वर्ष सोडून आपणच कोयता घ्यावा काय. उचलीची बोलणी पावसाळ्यातच होतात. तपासण्या व्हावयाच्या तर त्याच आठवड्यांत, मुकादम गावात येण्यापूर्वी व्हावयास हव्यात.