रोजचा एक तास, सगळ्यांनी मिळून

पालकहो, एक विनंती आहे. आपल्या मुलांना रोज किमान एक तास उघड्यावर खेळू द्या. फक्त सुट्टीच्या दिवशी नव्हे, रोज. अभ्यास उरकून वेळ उरला तर बघू, असंही नको. तो तास आधी ठरवा आणि बाकीचा दिवस त्याच्याभोवती बसवा. आणि हे एकट्यानं करू नका, शेजारच्या दोन-तीन घरांना सोबत घ्या.

ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. ‘जा खाली खेळायला’ असं सांगणारे आईबाप आजही पुष्कळ आहेत. पण मूल दहा मिनिटांत परत येतं, कारण खाली कोणीच नसतं. एकाचा क्लास पाचला, दुसऱ्याचा सहाला, तिसरा सातला घरी येतो. लगोरीला गडी लागतात, खो-खोला लागतात, साध्या लपंडावालाही लागतात. एकट्या मुलाचा हट्ट मग मोबाइलवर येऊन थांबतो, आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना खेळायलाच नको. मुलांना खेळायला हवं आहे. त्यांना एकमेकांची वेळ जुळवून द्यायला हवी, आणि ते काम मोठ्यांचं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं चांगली दमछाक होईल अशी हालचाल हवी. तीन-चार वर्षांच्या मुलांना तर हलकी-जोराची सगळी हालचाल धरून दिवसभरात मिळून १८० मिनिटं. शाळेतून व्हॅननं घरी, तिथून स्कूटरवर क्लासला आणि पुन्हा लिफ्टनं वर, अशा दिवसात ही मिनिटं कुठून येणार? आठवड्यातून दोनदा लावलेल्या स्केटिंगच्या क्लासनं ती भरून निघत नाहीत.

डोळ्यांचंही तसंच आहे. घरात दिवे लावून जो उजेड मिळतो त्याच्या कितीतरी पट उजेड बाहेर असतो, अगदी झाडाच्या सावलीतसुद्धा. वाढत्या वयात हा उजेड मिळाला तर लांबचं अंधुक दिसण्याचा दोष जडण्याची शक्यता कमी होते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीतल्या मुलांना शाळेच्या दिवसात ४० मिनिटं जादा बाहेर नेऊन पाहिलं गेलं. तीन वर्षांनी त्या शाळांमध्ये सुमारे ३० टक्के मुलांना हा दोष जडला होता, इतर शाळांमध्ये सुमारे ४० टक्के मुलांना. तैवाननं तर २०१० पासून शाळकरी मुलांसाठी रोज १२० मिनिटं बाहेर हे राष्ट्रीय धोरणच केलं. यासाठी महागडं काही लागत नाही, दार उघडावं लागतं.

शरीर आणि डोळे यांच्या पलीकडे आणखी एक शिक्षण मैदानावर होतं. क्लासमध्ये सर शिट्टी वाजवतात, सर गट पाडतात, भांडण झालं की सरच सोडवतात. आपापलं खेळताना हे सगळं मुलांना करावं लागतं. राज्य कोणावर, लगोरी लागली की नाही, आउट की नॉट आउट, यावर कडाक्याचा वाद होतो. पण वाद लांबला तर खेळ थांबतो, म्हणून तो मिटवावाच लागतो. धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून सामावून घेतलं जातं. त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो खेळात असतो. दुबळ्याला सोबत घेऊन चालायची ही रीत मुलांना आपण शिकवलेली नाही, मुलांनी मुलांकडून घेतली आहे. म्हणून मुलांनी बोलावलं नसेल तर पंच व्हायला जाऊ नका. बाकावर बसा, नजर ठेवा आणि गप्प राहा.

निसर्गासाठी लांबच्या सहलीची वाट पाहू नका. कुंडीतल्या कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालतं. त्यातून निघालेली अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. त्या अळीवर फवारा मारू नका, मुलाला ती रोज पाहू द्या. पहिल्या पावसानंतर लाल मखमली मृगाचे किडे दाखवा. मेच्या मध्यावर पुण्यामुंबईकडे भर दुपारी उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते, तेव्हा काठी घेऊन अंगणात उभे राहा. प्रत्येक झाडाचं नाव तुम्हाला यायलाच हवं असं नाही. सोबत बघणं पुरेसं आहे.

तुम्ही म्हणाल, अभ्यासाचं काय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरं राखणाऱ्या मुलांना चार भिंतींत ओढून आणण्याऐवजी शाळाच कुरणात नेली. शिक्षण आणि मोकळं आकाश यांचं वैर नाही, हे आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे.

दुसरी भीती पडण्या-झडण्याची. गुडघा खरचटेल, धुऊन औषध लावा. खऱ्या धोक्यांचा मात्र जरूर बंदोबस्त करा: भरधाव गाड्या, उघडी टाकी, तुटलेला झोका, डास होतील असं साचलेलं पाणी. आणि मुलींना घरात ठेवू नका. दहा-अकरा वर्षांची झाली, काळी पडेल, लोक काय म्हणतील, असं म्हणून तिची संध्याकाळ काढून घेतली जाते. तिला खेळाची गरज तिच्या भावाइतकीच आहे. चार मुली एकत्र खाली उतरल्या की त्यांचा धीर वाढतो आणि बघणाऱ्यांनाही सवय होते.

सोसायटीच्या कमिटीला एवढंच सांगणं आहे की ‘खेळण्यास मनाई’चा फलक उतरवा. काच फुटण्याची काळजी असेल तर रबरी चेंडूची अट घाला. संध्याकाळी दीड तास आवारातला एक भाग गाड्यांपासून मोकळा ठेवा. मुख्याध्यापकांनो, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असणं सांगितलेलं आहे. तेव्हा पीटीचा तास गणिताला देऊ नका, आणि जमेल तिथे शाळा सुटल्यावर मैदान वस्तीतल्या मुलांसाठी उघडं ठेवा. आजी-आजोबांनो, तुम्ही बाकावर बसलात तर नोकरीवरच्या आईबापांना मुलं खाली सोडायचा धीर येईल.

सुरुवात अशी करा. आज रात्री शेजारच्या तीन घरांशी बोला आणि एक वेळ ठरवा. त्या वेळेत कोणाचाही क्लास लागणार नाही, आणि कोणाच्याही हातात मोबाइल नसेल, मोठ्यांच्याही नाही. पहिले काही दिवस मुलं ‘आता काय करू?’ असं विचारत येतील. खेळ सुचवायची घाई करू नका. फार तर एक चेंडू आणि सात चपट्या फरश्या द्या. तीन घरांची मुलं रोज दिसू लागली की चौथ्या घरातलं मूल आपणहून खाली येईल, आणि त्याच्या आईला पटवून देण्याची गरजही उरणार नाही.