मदतीपूर्वीचा हक्क

३० जुलै २०१४ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. जांबे व मुळशी तालुक्यातील बंधुभगिनींनी यावरून बोध घ्यावा. आपत्ती दैवाने येत नाही. तिला कारणे असतात आणि कारणे जाणली की उपाय सापडतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ६१ व्या कलमाने मदतकार्यात जातिभेदास मनाई केली आहे. परंतु हा हक्क संकटानंतरचा. संकटापूर्वीची योजना आखण्याचे शिक्षण आपल्या तरुणांनी व स्त्रियांनी घेतलेच पाहिजे. पाणी कोठवर चढते, रात्री वृद्धांना कोण हलवील, आसरा कोठे, पैशाचा हिशेब कोण ठेवील, हे लिहून काढा व गावाच्या सभेत मांडा. आराखड्यात ज्यांची वस्ती नाही, त्यांची आठवण पूर ओसरल्यावरच होते.