एका नावाची दोन झाडे

अशोकाचे नाव ज्याच्या कानी नाही असा शेतकरी विरळा; परंतु खरा अशोक ओळखणारे थोडेच. शाळा, कचेऱ्या व बंगले यांच्यापुढे खांबासारखा सरळ वाढणारा, लांब व लहरदार कडांच्या पानांचा वृक्ष म्हणजेच अशोक, अशी सर्वत्र समजूत आहे. तो वस्तुतः आसुपालव होय. खऱ्या, म्हणजे सीतेच्या अशोकाच्या एका देठावर पानांच्या चार ते सहा जोड्या असतात, कोवळी पालवी तांबूस व लोंबती असते, नारिंगी-तांबड्या फुलांचे गुच्छ फांदीवरच येतात व पुढे चपट्या शेंगा धरतात. आसुपालवास शेंगा येत नाहीत. लहान फळांचे घोस येतात.

आमचे सारे आयुष्य सातबाराच्या कागदांत गेले. एकाच नावाच्या दोन खातेदारांची गल्लत झाली म्हणजे केवढा अनर्थ होतो, हे आम्ही जाणतो. येथे तर प्रश्न जमिनीचा नसून आपल्या लेकीसुनांच्या प्रकृतीचा आहे. पाळीच्या वेळी अंगावरून फार जाणे, ज्यास वैद्य रक्तप्रदर म्हणतात, त्यावर अशोकाची साल परंपरेने देतात. भैषज्यरत्नावलीतील अशोकारिष्ट तिचेच. त्या सालीत आसुपालवाची साल मिसळली जाते, ही गोष्ट अभ्यासकांस अपरिचित नाही. एकदा तुकडे होऊन पोत्यात भरल्यावर सामान्य मनुष्याने ती कशी ओळखावी? ओळख पटण्याची जागा झाड आहे, आणि झाड शेतकऱ्याच्या बांधावर आहे. म्हणून आसुपालवाची साल अशोक म्हणून विकणे हा पाण्याचे दूध करण्याहून हलका अपराध आम्ही मानीत नाही.

मागणी वाढली आणि रानातील झाडे सोलली गेली. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने १९९८ साली या वृक्षास असुरक्षित ठरविले. खोडाची साल सभोवार काढली की झाड मरते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

यास उपाय एकच, तो म्हणजे लागवड. कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी ज्यांच्या शेतास ओढा किंवा पाट आहे, त्यांनी काठाने पाचदहा रोपे अवश्य लावावीत. बी ताजेच पेरावे. साठविल्यास ते लवकर निर्जीव होते. पहिली काही वर्षे सावली व ओल मिळाली पाहिजे. मात्र हे झटपट पैशाचे पीक नव्हे. साल मिळण्यास वर्षे लागतात. तोवर फुले व सावली यांवर संतोष मानावा.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अशोक हा सर्व स्त्रीरोगांवरील उतारा नव्हे. रक्तस्राव अतिशय होत असेल, अथवा पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसत असेल, तर काढा उकळीत न बसता प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. त्यामागे कर्करोगही असू शकतो. घरातील स्त्री लाजेस्तव बोलत नाही. विचारण्याचे कर्तव्य कर्त्या पुरुषाचेही आहे. झाडाची पारख जशी वेळीच व्हावी, तशी दुखण्याचीही.