संगणक खोला, पण अमानत सांभाळा

दुकानातला जुना संगणक आम्ही व्यापारी किलोच्या भावाने भंगारात देतो, ही चूक आहे. त्याच्या हार्ड डिस्कमध्ये गिऱ्हाइकांची उधारी, देणेघेणे असते. फाईल पुसली तरी मजकूर परत काढता येतो. ही आमच्याकडे लोकांची अमानत आहे. म्हणून आधी प्लग काढावा, चालू करण्याचे बटण थोडा वेळ दाबून ठेवावे, पेटीच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी आणि डिस्क काढून घ्यावी. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते. पिक्चर ट्यूबच्या जुन्या मॉनिटरचेही तसेच. बाकीचा सांगाडा ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा. चार पैसे कमी मिळतील. पण बाजारातली आमची पत इमानदारीवरच उभी आहे.