वकील वॉर्डापर्यंत पोहोचला पाहिजे

१८५८ हे साल शाळेच्या पुस्तकापासून आपल्याला माहीत असते, ते राणीच्या जाहीरनाम्यामुळे. त्याच वर्षी इंग्रज सरकारने मनोरुग्णांविषयी तीन कायदे केले. त्यांतले चौतीस आणि पस्तीस क्रमांकाचे कायदे मालमत्ता असलेल्यांसाठी होते. एखाद्या जमीनदाराचे किंवा पेढीवाल्याचे मन ठिकाणावर नाही असे नातलगांना वाटले, तर त्यांनी न्यायालयात अर्ज करायचा. न्यायालय त्या माणसाला चौकशीची नोटीस देणार, जमल्यास त्याला समोर बसवून प्रश्न विचारणार, साक्षी घेणार आणि मग निकाल देणार. छत्तिसावा कायदा वेड्यांच्या इस्पितळांचा. त्यात दिवाणी न्यायालयाची अशी चौकशी नव्हती. भटकताना आढळलेल्या माणसाला पोलिसाने पकडायचे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, सरकारी डॉक्टरने दाखला द्यायचा आणि माणूस आत.

आजार एकच असला तरी इनामदाराच्या वाट्याला न्यायालय आले आणि बिगाऱ्याच्या वाट्याला पोलीस ठाणे. वाडे आणि जमिनी चुकीच्या हातात जाऊ नयेत याची सरकारला काळजी होती. ज्याच्याजवळ स्वतःच्या देहापलीकडे काही नव्हते त्याचे काय जाईल, हा प्रश्न कुणाला पडला नाही. १९१२ च्या कायद्याने हे तिन्ही कायदे एकत्र केले, पण आतली विभागणी तशीच ठेवली. इस्पितळावर देखरेख करणारे 'व्हिजिटर' त्याने नेमले, त्यांत तुरुंगांचे महानिरीक्षक पदसिद्ध होते. रुग्णाच्या बाजूने बोलणाऱ्या वकिलाला त्यात जागा नव्हती. नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि येरवडा ही आपली चारही सरकारी मनोरुग्णालये या व्यवस्थेत वाढली. 'येरवड्याला पाठवीन' ही धमकी मराठी घरांत अजून ऐकू येते ती उगाच नाही. तिथे गेलेला माणूस परत येईलच, याची खात्री पिढ्यान्‌पिढ्या कुणाला देता आली नव्हती.

गरिबाला फुकट वकील मिळावा हा विचार आपल्याकडे वेगळ्या वाटेने वाढला. १९२४ मध्ये मुंबईत 'बॉम्बे लीगल एड सोसायटी' निघाली. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयावर समिती नेमली. पुढे त्यांचे चिरंजीव पी. एन. भगवती सर्वोच्च न्यायालयात हाच विषय धसास लावणार होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-क हे कलम आले आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. पण या सगळ्या चर्चेत गरीब पक्षकार म्हणजे कूळ, कामगार, टाकलेली बायको, कच्चा कैदी. मनोरुग्णालयातल्या माणसाला कायद्याची काही अडचण असू शकते, हे ध्यानात यायला ऐंशीचे दशक उजाडावे लागले.

ते ध्यानात आणून दिले बिहारने. १९८२ मध्ये हजारीबागच्या विधी साहाय्य समितीने न्यायमूर्ती भगवतींना एक पत्र लिहिले. तिथल्या तुरुंगात वेडे म्हणून ठेवलेली माणसे होती. डॉक्टरांनी ती बरी झाल्याचे लिहून देऊन वर्षे उलटली होती, तरी वीस-वीस, तीस-तीस वर्षे ती आतच होती, कारण सोडण्याचा हुकूम काढणे हे कुणाचेच काम नव्हते. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि त्यांना सोडवले. पुढच्याच वर्षी रुदल शाह खटल्याचा निकाल लागला. हा माणूस १९६८ मध्ये निर्दोष सुटला होता आणि तरी १९८२ पर्यंत मुझफ्फरपूरच्या तुरुंगात होता. तो वेडा होता, असे सरकारचे म्हणणे. वादासाठी ते मान्य केले तरी १९७७ मध्ये सिव्हिल सर्जनने तो ठीक असल्याचे कळवले होते. मग पुढची पाच वर्षे कशासाठी, याला उत्तर नव्हते. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी त्याला आधीच्या पाच हजारांखेरीज तीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. मूलभूत हक्काच्या भंगासाठी पैशात भरपाई देण्याचा रस्ता भारतात ज्या निकालाने खुला केला तो हा, आणि सरकारची सबब वेडाची होती, हे विधी महाविद्यालयांत शिकवताना बहुतेक वेळा गळून जाते.

याच काळात मुंबईच्या पत्रकार शीला बर्से तुरुंगांत जाऊन बायकांशी बोलत होत्या. त्यांच्या पत्रावरून १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रासाठी आदेश दिला की अटक झाल्याबरोबर पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे. अटक झालेल्याने अर्ज करण्याची अट त्यात नव्हती; कळवण्याचा भार पोलिसांवर टाकला होता. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. बर्से यांच्याच दुसऱ्या याचिकेवर १९९३ मध्ये न्यायालयाने सांगितले की गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाविरोधी आहे. स्वातंत्र्यानंतर ४६ वर्षांनी हे सांगावे लागले, कारण तोवर सर्रास तेच चालले होते.

आसाममधल्या तिवा समाजाच्या एका तरुणाला १९५१ मध्ये दुखापतीच्या आरोपावरून पकडले आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले. १९६७ मध्ये रुग्णालयाने तो बरा झाल्याचे कळवले. त्याला घरी पाठवण्याऐवजी गुवाहाटीच्या तुरुंगात हलवले गेले. खटला कधी चाललाच नाही. २००५ मध्ये, ५४ वर्षांनी, तो एक रुपयाच्या जातमुचलक्यावर सुटला, तेव्हा आपली भाषासुद्धा त्याला नीट आठवत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने त्याला तीन लाख रुपये आणि महिन्याला हजार रुपये द्यायला लावले. सुटकेनंतर दोन वर्षांनी तो वारला. या ५४ वर्षांत एखाद्या वकिलाने सहा महिन्यांतून एकदा त्या बराकीत डोकावून 'तुमची पुढची तारीख कधी?' एवढे विचारले असते, तर त्याची बहुतेक सगळी जिंदगी वाचली असती. त्यासाठी मोठे घटनात्मक ज्ञानही लागत नव्हते.

कायदे झाले नाहीत असे म्हणता येणार नाही. १९८७ मध्ये एकाच वर्षी दोन कायदे झाले. मानसिक आरोग्य कायद्याच्या ९१ व्या कलमाने सांगितले की मनोरुग्णाला वकील नसेल आणि ऐपत नसेल तर न्यायालयाने सरकारी खर्चाने वकील द्यावा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मनोरुग्णालयात ठेवलेल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क दिला, आणि तोही उत्पन्नाची मर्यादा न पाहता. पहिला कायदा अमलात आला १९९३ मध्ये, दुसरा १९९५ मध्ये. नंतर ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. २८ जण जळून गेले. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. त्या प्रकरणात २००२ मध्ये जे आदेश झाले त्यांत एक असा की विधी साहाय्य आणि न्याययंत्रणेतल्या दोघांनी दर महिन्याला मनोरुग्णालयांना भेट द्यावी आणि बरे झालेल्यांना सुटकेचे अर्ज करायला मदत करावी.

दर महिन्याला भेट. या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट गाभ्याची वाटते. हजारीबाग असो, बर्से यांची याचिका असो, सुटका झाली ती बाहेरचे कुणीतरी आत गेले म्हणून. आपली विधी सेवेची व्यवस्था मात्र अर्जावर उभी आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात कार्यालय असते, तिथे यायचे, फॉर्म भरायचा, कागद जोडायचे. ज्याचा फोन दाखल होताना काढून घेतला आहे, ज्याच्याजवळ आधार कार्ड नाही, औषधांमुळे ज्याला दुपारपर्यंत धड जाग येत नाही, त्याने हे कसे करायचे?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याचा मसुदा घडवण्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्रातल्या मंडळींचा मोठा हात होता, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटायला हवा. २७ व्या कलमाने मोफत विधी सेवेचा हक्क दिला, आणि ती माहिती व संपर्काचा तपशील रुग्णाला देण्याची जबाबदारी मॅजिस्ट्रेट, पोलीस अधिकारी, तुरुंगाधिकारी आणि रुग्णालयाच्या प्रमुखावर टाकली. १९ वे कलम सांगते की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्या कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, आणि टाकून दिलेल्या माणसाला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावता यावा म्हणून सरकारने विधी साहाय्य द्यावे. स्वतः निर्णय घेता येत नसताना दाखल केलेल्या रुग्णाला ३० दिवसांपुढे ठेवायचे तर या कायद्याखालच्या पुनरावलोकन मंडळाची मंजुरी लागते. अपवादात्मक परिस्थितीत मंडळाकडे तोंडी किंवा फोनवरूनही दाद मागता येते.

तरी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला थांबवावे लागले, कारण बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवले जात होते. डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयापुढे आले की आपल्या चार मनोरुग्णालयांत दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेले रुग्ण शेकड्यांनी आहेत आणि त्यांतले कितीतरी घरी जाण्यासारखे आहेत. या माणसांची औषधे चालू होती, जेवण चालू होते, डॉक्टर येत होते. वकील येत नव्हता.

वकिलाचे तिथे काम काय, असे विचारणारे भेटतात. सुटकेचा अर्ज हे त्यातले सर्वांत सोपे काम. बाई रुग्णालयात असताना नवरा मनोविकाराच्या कारणावरून घटस्फोटाचा दावा लावतो, समन्स सासरच्या पत्त्यावर जाते आणि निकाल एकतर्फी होतो. बरी होऊन ती बाहेर येते तेव्हा तिला पोटगीही नसते आणि मुलाचा ताबाही गेलेला असतो. वडील वारल्यावर वारस नोंदीत एका भावाचे नाव लागतच नाही, किंवा हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा असतो आणि सातबारा फिरतो. चौकीदाराची नोकरी जाते, भाड्याची खोली जाते, रेशन कार्डावरून नाव कमी होते. मानसिक आजाराचे अपंगत्व प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळत नाहीत, आणि ते प्रमाणपत्र मिळवणे हा दिसत नसलेल्या आजारात वेगळाच लढा असतो. १८५८ च्या कायद्याला मालमत्तेची काळजी होती. गरिबाचीही मालमत्ता असते, दीड एकर आणि एक खोली एवढीच, पण तीच त्याला परत जायला जागा ठेवते.

दुसरा आक्षेप घरच्यांचा आणि डॉक्टरांचा. वकील आला की उपचारांत खो घालणार, असे त्यांना वाटते. दहा बाय दहाच्या खोलीत, रात्र रात्र न झोपणाऱ्या मुलाला सांभाळून सकाळी मजुरीवर जाणाऱ्या आईचा थकवा मी हलका लेखत नाही. तिच्याकडे पर्याय नव्हते म्हणून तिने रुग्णालय गाठले. पण तिलाही वकील लागतो. औषधे तालुक्याला का मिळत नाहीत हे विचारायला, पेन्शनचा अडलेला अर्ज सोडवायला, मुलगा घरी आल्यावर शेजाऱ्यांनी पोलिसांत केलेली तक्रार मिटवायला. रुग्णाचा वकील आणि कुटुंबाचा वकील एकच असू नये, कारण जिथे घर किंवा जमीन मधे येते तिथे हित वेगळे होते. हे पथ्य पाळले तर डॉक्टरांचेही ओझे कमी होईल. आज सुटकेपासून सातबाऱ्यापर्यंत सगळे प्रश्न रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलावर येऊन पडतात, ज्यांना न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार नाही.

करायचे काय ते बरेचसे लिहून ठेवलेले आहे. रुग्ण दाखल झाल्याची प्रत्येक नोंद मंडळाबरोबर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणालाही जावी, रुग्णाने मागितली नाही तरी. दाखल करतानाच्या कागदावर डॉक्टरच्या नावाखाली नेमलेल्या वकिलाचे नाव आणि फोन नंबर असावा. ३० दिवसांपुढच्या प्रत्येक सुनावणीत तो हजर असावा, आणि त्याने वॉर्डात येऊन रुग्णाशी एकांतात बोललेले असावे. त्यासाठी त्याला येण्याजाण्याचा खर्च आणि जाणवेल इतके मानधन द्यावे लागेल. आजच्या मानधनात कुणी दिवस मोडून रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात जाऊन बसणार नाही. आणि २००२ च्या आदेशातली दरमहा भेट. तिच्यासाठी विधानसभेत विधेयक आणायला नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात, आणि पुनरावलोकन मंडळाचे अध्यक्षपदही जिल्हा न्यायाधीश किंवा त्या दर्जाच्या व्यक्तीकडेच असते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांनी येत्या महिन्याची तारीख ठरवावी.